माझगाव बेटाचा जुना किनारा आज पायी फिरता येईल का?

डॉकयार्डचा_नवा_भाडेकरू

मंडळी, नमस्कार. आम्ही डोंबिवली सोडून नुकतेच डॉकयार्ड रोडला राहायला आलोय. बायकोची नोकरी जे. जे. हॉस्पिटलला, म्हणून हा भाग निवडला. घर वरच्या मजल्यावर आहे. पूर्वेच्या खिडकीतून माझगाव डॉकच्या क्रेन, बांधायला घेतलेल्या करड्या युद्धनौका आणि त्यांच्यापलीकडे घारापुरीचे डोंगर दिसतात. एवढा समुद्र डोळ्यांसमोर आहे, पण त्याच्यापर्यंत जायला वाट कुठेच नाही, याचं मला आल्यापासून नवल वाटतंय.

मुलगी पाचवीत आहे. शाळेनं परिसराची वही करायला सांगितलीय. मुंबई सात बेटांची आणि त्यातलं एक माझगाव, एवढं तिला माहीत आहे. त्यावर तिनं मला विचारलं, "बाबा, मग आपलं बेट सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे?" मी जुना नकाशा काढून बसलो. त्यावरचं अंड्यासारखं बेट आणि आजचे रस्ते यांचा काही केल्या मेळ बसेना.

तर विचारायचं असं की, जुन्या किनाऱ्यावरून, म्हणजे आज तिथे जो काही रस्ता किंवा गल्ली असेल तिथून, बेटाला एक फेरी मारता येईल का? वाटेत पोरीला दाखवण्यासारखं काय आहे? कुरकुरते, पण चालते. जुने माझगावकर कोणी असतील तर सांगा. "तिथे आता काही उरलं नाही" हे उत्तर ऑफिसातल्या दोघांनी आधीच दिलंय, ते सोडून.

परळकर_७४

ऑफिसवाले बरोबर बोलतायत. हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध बांधला, खाड्या बुजवल्या, सात बेटांचं एक झालं. शाळेच्या वहीला एवढं पुरे. पोरीला राणीच्या बागेत न्या, पेंग्विन बघून खूश होईल.

घोडपदेवचा_म्हातारा

भाडेकरू, तुमच्या पोरीचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. फक्त थोडं लांबेल. माझा जन्म घोडपदेवचा आणि नोकरी म्युनिसिपालटीच्या पर्जन्य जलवाहिनी खात्यात, म्हणजे लोकांच्या भाषेत गटारवाला. इतिहास मी शिकलो नाही, पण या भागात पाणी कुठून कुठे धावतं ते मला पाठ आहे आणि बेटाची हद्द पाण्यालाच विचारायची असते.

आधी ते अंडं डोक्यातून काढा. सात बेटांचा तो नकाशा वहीत छान दिसतो, पण सात हा आकडा कोणत्या वेळी मोजलंत त्यावर ठरायचा. भरतीला मध्ये पाणी असायचं. ओहोटीला नुसता चिखल, त्यातून माणसं चालत जायची. म्हणून किनाऱ्याची एक पक्की रेघ सगळीकडे सापडणार नाही. काही बाजूंना सापडेल, काही बाजूंना नाही.

माझगाव म्हणजे मुळात एक दगडी कणा. डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडलात की डोक्यावर जी टेकडी येते तोच हा कणा, भंडारवाड्याची टेकडी. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. फेरीची सुरुवात तिथूनच करा, खालून नको. तिथे १६८० च्या सुमारास इंग्रजांनी छोटा किल्ला बांधला होता. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, त्यानं माझगाव घेतलं आणि वर्षभर मुंबईच्या कोटाला वेढा घालून बसला. पुढच्या जूनमध्ये गेला तो किल्ल्याची राख करून गेला. आज तिथे किल्ल्याचं काही दिसत नाही, पण किल्ला तिथेच का बांधला ते पोरीला वर उभं केलंत की कळेल. सगळं बंदर नजरेखाली येतं.

आता दक्षिण. या बाजूची हद्द सगळ्यात सोपी आहे. माझगाव आणि मुंबई बेट यांच्यामध्ये खाडी होती, तिचं नाव उमरखाडी. वस्तीला ते नाव अजून आहे. टेकडीवरून उतरून डोंगरीकडे निघालात की रस्ता खाली जातो आणि पुढे पुन्हा चढतो. मधला तो खोलगट भाग म्हणजे तुमचा दक्षिण किनारा. आता तिथून रेल्वे जाते आणि तिच्यावर हँकॉक पूल आहे. जुना पूल २०१६ साली पाडला, नवा व्हायला वर्षं गेली. तोवर डोंगरीची पोरं शाळेसाठी रूळ ओलांडून माझगावात यायची आणि पेपरात अपघातांच्या बातम्या यायच्या. पूल नव्हता तेवढी वर्षं माझगाव त्या बाजूनं पुन्हा बेट झालं होतं, असं माझं मत. फरक इतकाच की खाडीत पाण्याऐवजी लोकल होत्या.

पश्चिमेला रेघ नाही. भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा, पार महालक्ष्मीपर्यंत सगळा सखल भाग होता. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये मोठं खिंडार होतं, तिथून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि ते थेट आपल्या माझगावच्या मागच्या दारापर्यंत यायचं. परळकरांनी म्हटलेला वेलार्ड म्हणजे हे खिंडार बुजवणारा बांध. १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. त्यानंतर ही दलदल हळूहळू कोरडी पडली, १७९३ साली तिच्यातून बेलासिस रोड काढला आणि मग वस्ती आली. पण जमीन कोरडी झाली म्हणून उंच झाली नाही. ती बशीसारखी खोलगटच राहिली. म्हणून मुंबईत पाणी तुंबल्याच्या बातम्यांत तीच तीच नावं येतात.

यावर माझी सगळी नोकरी गेली, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो. दादरजवळच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की टीव्हीवाले ओरडतात की नाले साफ केले नाहीत. नाले साफ असले तरी ते पाणी जायचं कुठे, ते कोणी सांगत नाही. ते येतं पूर्वेला, आपल्या रे रोडला, ब्रिटानिया पंपिंग स्टेशनकडे, आणि तिथून समुद्रात पडतं. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की समुद्राचंच पाणी उलटं नाल्यात शिरतं, म्हणून दारं लावून घ्यावी लागतात. दारं लावली की आतलं पाणी पंपानं उपसून फेकण्याशिवाय इलाज नाही. पंप यायच्या आधी आम्ही काय करायचो? भरती ओसरायची वाट बघायचो. साहेब लोक फोनवर फोन करायचे आणि आम्ही भरतीचं कोष्टक हातात धरून उभे. वेलार्डनं समुद्राचं पुढचं दार लावलं, पण जमिनीची पातळी काही त्यानं बदलली नाही. हे पोरीच्या वहीत जरूर लिहा, बाईंना आवडेल.

उत्तरेला चिंचपोकळीच्या अंगानं परळचं बेट. तिथेही मध्ये सखल पट्टा होता, पण आता गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, पायाखाली काही कळत नाही. त्या बाजूला वेळ घालवू नका.

आणि आता पूर्व. तुम्ही म्हणालात ना, समुद्र दिसतो पण जाता येत नाही? सगळी गोष्ट तिथेच आहे. परळकर म्हणतात वेलार्ड झाला आणि बेट संपलं. मला ते पटत नाही. वेलार्डनं माझगाव मुंबईला जोडलं गेलं, पण माझगावचा समुद्र जागेवरच होता. टेकडीच्या पायथ्याशी पाणी होतं. याचा एक किस्सा आहे. टेकडीवर बेल्व्हिडिअर नावाचा बंगला होता, तिथे कंपनीचा एक बडा अधिकारी डॅनिअल ड्रेपर राहायचा. त्याची बायको एलायझा १७७३ च्या जानेवारीत एका रात्री घरातून निघाली आणि जॉन क्लार्क नावाच्या आरमारी अधिकाऱ्याबरोबर जहाजावर पळून गेली. खिडकीतून दोर सोडून उतरली म्हणतात. दोराचं खरंखोटं मला विचारू नका, पण सांगायचा मुद्दा असा की माझगावच्या बंगल्यातून पळणाऱ्या बाईला त्या काळी खाली होडी मिळत होती. आज तीच बाई उतरली तर डॉकयार्ड रोडच्या फलाटावर उतरेल. (हा किस्सा पोरीच्या वहीत घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा.)

मग समुद्र गेला कुठे? माझगावात पहिली छोटी सुकी गोदी १७७४ साली झाली, तिचीच पुढे माझगाव डॉक झाली. पी. अँड ओ. कंपनीची जहाजं इथेच दुरुस्त व्हायची. तोवर ठीक होतं, गोदी होती तशी कोळ्यांच्या होड्याही होत्या. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण इंदिरा डॉक म्हणतो. मधल्या काळात माझगावपासून शिवडीपर्यंतचा किनारा भर टाकून पुढे सरकवला. त्या भरावावर वखारी, मालगाडीचे रूळ, गोदामं आणि या सगळ्याला पोर्टाची भिंत. वेलार्डनंतर सव्वाशे वर्षांनी माझगावचा समुद्र त्या भिंतीमागे गेला. बेट संपलं ते तेव्हा, असं मी धरतो. बेटावरच्या माणसाला आपला किनारा पाहायला गेटपास लागायला लागला की ते बेट कसलं?

म्हणून तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: पश्चिम आणि दक्षिण फिरता येईल, पूर्व नाही. पूर्वेला फक्त नावं वाचत जाता येतं. रे रोडपासून बाहेरच्या रस्त्यानं चला आणि बंदरांच्या पाट्या बघा. 'हे' बंदर (इंग्रजी 'हे', म्हणजे वाळलेलं गवत), कोळसा बंदर, टँक बंदर, लकडी बंदर. बहुतेक धक्क्यांना तिथे जे उतरायचं त्याचंच नाव. दारूखान्याला आता जहाजं तोडतात, पूर्वी बंदुकीची दारू असायची. तिकडे आत शिरू नका, पोरीला घेऊन तर नाहीच. माझगाव डॉकच्या गेटासमोर मोबाइल खिशात ठेवा, फोटो काढायला बंदी आहे आणि शिपाई ऐकून घेत नाहीत.

परळकर_७४

काका, लांबण लावलीत पण वाचलं सगळं. तरी सांगतो, समुद्र काही गेला नाही. भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन बघा, ट्रॉलर लागतात, मासळीचा लिलाव होतो, पाय ठेवायला जागा नसते. कोळणी आहेत, बर्फवाले आहेत. भिंतीमागे गेला म्हणताय तो हाच ना?

पाखाडीची_लेक

म्हाताऱ्या बाबांनी टेकडी, गटारं, गोद्या सगळं सांगितलं आणि टेकडीच्या पाठीमागची आमची म्हातारपाखाडी विसरले. गटारखात्याची माणसं आमच्याकडे कमीच यायची, त्यामुळे चालायचंच!

मी म्हातारपाखाडीची. आता लग्नानंतर वसईला असते, पण माझा बापूस, त्याचा बापूस, सगळे तिथलेच. आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे इथलेच कोळी, भंडारी, कुणबी, पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. ईस्ट इंडियन हे नाव आम्ही घेतलं १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी. गोव्याचे ख्रिस्ती आणि आम्ही यांत साहेबाला फरक कळावा, नोकऱ्यांत आमचा हक्क जाऊ नये, म्हणून. त्याआधी आम्ही नुसते इथले होतो. घरात मराठीच बोलतो, आमच्या तऱ्हेची.

भाडेकरू दादा, तुमच्या मुलीला बेट बघायचंय ना, तर तिला आमच्या गल्लीत आणा. रस्ता अरुंद आहे, मोटार नीट वळत नाही, म्हणूनच गाव टिकलं. दोन मजली लाकडी घरं, बाहेरून जिने, पुढे गॅलरी, गल्लीत क्रूस. वारसा परिसर म्हणून यादीत नाव आहे, पण यादीनं छप्पर गळायचं थांबत नाही. किती घरं गेली आणि किती राहिली ते मोजायचं मी सोडून दिलंय. बाहेरून फोटो काढा, पण कोणाच्या जिन्यावर चढू नका, लोक राहतात तिथे. हल्ली रविवारी कॅमेरेवाले येतात आणि आमच्या आन्टी लोकांना "थोडं खिडकीत उभ्या राहा" म्हणतात. आम्ही काय राणीच्या बागेतले पेंग्विन?

बेटाच्या मालकांची गोष्टही कोणी सांगितली नाही. १५७२ साली पोर्तुगालच्या राजानं अख्खं माझगाव डि सूझा इ लिमा या घराण्याला वंशपरंपरा देऊन टाकलं होतं. एका कुटुंबाचं बेट! त्यांनीच १६३२ साली इथे ग्लोरिया चर्च बांधलं. ते जुनं चर्च १९११ साली पाडलं आणि भायखळ्याला नवं बांधलं, १९१३ साली पुरं झालं. पुलावरून जाताना उंच मनोरा दिसतो तेच. आजी म्हणायची, देऊळ हललं की गावाची नाभी हलते. तिचा जन्म नव्या चर्चनंतरचा, तरी ती जुन्या चर्चची आठवण असल्यासारखी बोलायची.

आणि आंबे. माझगावचे आंबे एके काळी नावाजलेले होते. काही झाडं वर्षातून दोनदा फळायची म्हणे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा नाताळच्या सुमारास. लंडनमध्ये छापलेल्या एका इंग्रजी काव्यातसुद्धा माझगावच्या आंब्याचं नाव आलंय. आम्ही लहान होतो तेव्हा कोणाच्या परसातलं एखादं झाड दाखवून मोठी माणसं सांगायची, हे त्यांतलंच. आम्ही दगड मारून खाल्ले, आंबटच होते.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे विहिरी होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जायच्या, बँडवाला पुढे, लुगडी नेसलेल्या आज्या मागे. नळ आला, विहिरींवर झाकणं बसली, तरी पाणी आणायची चाल सुटली नाही. माझ्या लग्नात झाकलेल्या विहिरीशी नमस्कार करून पाणी नळाचंच भरलं. पाद्री हसले, पण बोलले काही नाहीत.

मुलीला काका बाप्टिस्टांबद्दल सांगा. वरच्या बागेला ज्यांचं नाव आहे ते. जन्म १८६४ साली, आमच्याच म्हातारपाखाडीत. पुण्याला इंजिनिअर झाले, मग केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर. टिळकांचे जवळचे मित्र. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष काका होते. गिरणी कामगार, पोस्टमन, सगळ्यांची वकिली केली. १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. टिळकांच्या शेजारी बसणारा एक ख्रिस्ती माणूस आमच्या गल्लीतला, हे शाळेत आम्हाला कोणी शिकवलं नाही, घरातच कळलं.

समुद्राबद्दल बाबांचं पटतं. माझी आजी चौदा एप्रिल १९४४ ला घरी होती. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट फुटली त्या दिवशी. पहिल्या स्फोटाला तिला वाटलं जपान्यांचा बॉम्ब. पोरांना घेऊन खाली आली तोवर दुसरा झाला आणि वरच्या खिडक्यांच्या काचा अंगणात आल्या. जहाजात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या लगडीही होत्या. त्या लगडी आणि पेटता कापूस दूरवर जाऊन पडले. आजीच्या अंगणात फक्त काचा पडल्या, सोनं दुसऱ्यांच्या नशिबात! पण ती म्हणायची, त्या दिवसापर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं की डॉक आपल्या इतकं जवळ आहे. भिंत होती ना मध्ये.

जुनी_चिठ्ठी

चांगला धागा. थोडी भर घालतो, फार लिहीत नाही.

नवाब टँक रोडला पहिल्या मजल्यावर चिनी देऊळ आहे, सी यिप कून, १९१९ सालचं. क्वान कुंग देवाचं. जहाजांवर आणि गोदीत कामाला आलेल्या चिनी लोकांची इथे वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर बहुतेक निघून गेले. चिनी नववर्षाला अजून दिवे लागतात. बाहेरून साधी इमारत आहे, लक्ष ठेवून गेलात तरच सापडते.

हसनाबादही बघाच. पहिले आगाखान १८८१ साली वारले, त्यांची कबर. पांढरा घुमट आहे, ताजमहालाची आठवण येते.

परळकर, तुमचं भाऊच्या धक्क्याचं बरोबर आहे, पण ज्यांनी मूळ धक्का बांधला ते भाऊ, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, यांचं नाव तिथल्या शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही. आणि तो धक्का आहे कामाचा. पहाटे मासळी, दिवसा लाँच. संध्याकाळी पोरं घेऊन बसावं असा किनारा माझगावला नाही, दादरकरांना आहे, गिरगावकरांना आहे. घोडपदेवच्या काकांना तेच म्हणायचं असावं.

घोडपदेवचा_म्हातारा

तेच म्हणायचं होतं, चिठ्ठी. आणि लेकी, तुमच्या गल्लीत गटारखात्याची माणसं कमी यायची कारण तुमची गल्ली उतारावर आहे. पाणी थांबतच नाही तिथे. तक्रार आली नाही की आम्ही जात नव्हतो, सरकारी नियम.

डॉकयार्डचा_नवा_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही निम्मी फेरी केली. बाप्टिस्टा उद्यान, म्हातारपाखाडी, नवाब टँक, हसनाबाद. म्हातारपाखाडीत एका आजोबांनी स्वतःहून विचारलं, कोणाकडे आलात. मुलीनं उत्तर दिलं, "बेट बघायला." त्यांनी तिला गॅलरीतून खाली बघायला वर बोलावलं. (लेक ताई, जिना आम्ही बोलावल्यावरच चढलो!)

आता तिचे दोन नवे प्रश्न आहेत. एक, बागेच्या खाली पाण्याची टाकी आहे असं तिथल्या माळ्यानं सांगितलं, ते खरं का आणि टाकी डोंगरावर का? दोन, तिला तिच्या वहीच्या मुखपृष्ठावर बेटाचं चित्र काढायचं आहे. अंडं काढू नको म्हटलं तर मग काय काढू, असं विचारते.

घोडपदेवचा_म्हातारा

पहिल्याचं उत्तर: खरं आहे. अख्खी बाग जलाशयाच्या डोक्यावर बसलीय, भंडारवाडा जलाशय. १८६० साली विहार तलावाचं पाणी शहरात आलं, १८९२ साली तानसाचं. ते पाणी लांबून येतं, पण घरोघर पोचवायला दाब लागतो. तेव्हा घरोघर पंप नव्हते. पाणी उंचावर साठवलं की खाली आपोआप जातं, म्हणून शहरात जिथे टेकडी मिळाली तिथे टाकी बांधली. मलबार हिललाही तसंच, तिथल्या टाकीवर हँगिंग गार्डन आहे. इंग्रजांना जी उंची किल्ल्यासाठी हवी होती, तीच पुढे पाणीखात्याला हवी झाली. आज तुमच्या नळाला येणारं पाणी कदाचित पोरगी ज्या हिरवळीवर खेळली तिच्या खालूनच येत असेल. वॉर्ड ऑफिसला विचारून खात्री करा.

दुसऱ्याचं उत्तर: खिडकीतून बघून काढू नको म्हणावं. खिडकी बेटावरच आहे, बेटावरून बेट दिसत नाही. तिला भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचमध्ये बसवा. लाँच सुटली की पुढे बघू नका, मागे बघा. आधी ट्रॉलरची गर्दी, मग गोदीच्या क्रेन, मग टॉवर, आणि त्यांच्यामधून टेकडी शोधायला लावा. झाडांच्या पट्ट्यावरून ओळखू येईल. जहाजं याच बाजूनं यायची, त्यामुळे बेटाचा चेहरा इकडून आहे. क्रेन आणि टॉवर वगळून जे उरेल ते काढायचं.

परळकर_७४

हे बाकी एक नंबर. मीसुद्धा येतो रविवारी, लाँचचं तिकीट माझ्याकडून. भरती-ओहोटीची वेळ बघून ठरवा, मोऱ्याला गाळ आहे, ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागायला खोळंबते आणि पोरं कंटाळतात. डबा बरोबर घ्या.

पाखाडीची_लेक

मोऱ्याहून परत आल्यावर दुपारी पाखाडीत या सगळे. मी त्या रविवारी आईकडे असणार आहे. आमच्या बॉटल मसाल्याचं मटण आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, करते. कोण कोण येणार ते शनिवारपर्यंत इथेच कळवा, पीठ आदल्या रात्री आंबवावं लागतं.